मुलांच्या भयकथांत भूत कमी आणि घर जास्त का असते?

मुलांची भयकथा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पिंपळ, अमावास्येची रात्र आणि उलट्या पावलांची बाई येते. ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेल्या नावाजलेल्या भयकथा उघडून पाहिल्या, तर मात्र त्यांतल्या कितीतरी कथांमध्ये भुताला फारसे काम नसते. तिथे आई असते, पण ती आपली आई नसते. घर तेच असते, पण काल नसलेले एक दार आज त्यात असते. कपाटावरची बाहुली रात्रीतून जागा बदलते, आणि हे सांगितल्यावर घरातले एकही मोठे माणूस विश्वास ठेवत नाही. असे पुस्तक मुलाच्या हाती दिसले की पालक चपापतात, कारण हडळ आणि खवीस त्यांच्या ओळखीचे असतात, हे विषय मात्र अनोळखी असतात. लेखकांनी केवळ वेगळे काही करण्याच्या हौसेपायी ते निवडलेले नाहीत. मोठ्यांच्या भयकथेच्या मुळाशी बहुधा मरणाची भीती असते आणि मुलांच्या भयकथेच्या मुळाशी विश्वास तुटण्याची. हा एक फरक ध्यानात आला की या कथांमधल्या बहुतेक विचित्र गोष्टींचा उलगडा होऊ लागतो.

वयाप्रमाणे भीतीचे रूप पालटत जाते. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंधाराची, राक्षसाची, पलंगाखाली दडून बसलेल्या कशाची तरी भीती वाटते. शाळेत रुळल्यावर ही भीती हळूहळू ओसरते आणि तिची जागा अपघात, आजारपण, आईवडिलांपासून ताटातूट अशा खऱ्याखुऱ्या भीती घेतात. मेलेले माणूस परत येत नाही आणि मरण सर्वांनाच असते, हे साधारण पाच ते सात या वयात मुलाला कळू लागते. म्हणजे आठ वर्षांच्या मुलाला भूत खोटे असते हे पटलेले असते, पण आपली आईही कधीतरी मरू शकते हे त्याला नुकतेच उमगलेले असते. ही जाणीव भुताच्या भीतीपेक्षा कितीतरी जड असते. तिच्याविषयी बोलायला त्याच्यापाशी शब्द नसतात, आणि बोलायला गेलेच तर आपण ‘असं अभद्र बोलू नये’ म्हणून त्याला गप्प करतो. चांगली भयकथा नेमकी इथे उपयोगी पडते. ती त्या मुक्या धास्तीला एक आकार देते, त्या आकाराला काही नियम घालून देते, आणि नियम कळला म्हणजे तोड काढता येते हे मुलाला दाखवते.

खोट्या आईचा विषय या सगळ्यांत सर्वांत खोल आहे, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबायला हवे. ल्युसी क्लिफर्ड या इंग्रज लेखिकेची ‘द न्यू मदर’ ही कथा १८८२ साली प्रसिद्ध झाली. रानाकाठच्या एका घरात दोन बहिणी आईबरोबर राहतात. वाटेत भेटलेल्या एका अनोळखी मुलीने दाखवलेल्या आमिषाला भुलून त्या मुद्दाम वाईट वागू लागतात. आई त्यांना बजावते की असेच चालू राहिले तर मला जावे लागेल, आणि माझ्या जागी काचेच्या डोळ्यांची, लाकडी शेपटीची नवी आई येईल. मुली ऐकत नाहीत, आई खरोखरच निघून जाते आणि नवी आई येते. मुली रानात पळून जातात आणि त्यांना पुन्हा घरी परतता येत नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या बालकथेत असा शेवट असावा हे आजही अंगावर येते. नील गेमन यांच्या २००२ सालच्या ‘कोरलाईन’ या कादंबरीत हाच विषय वेगळ्या वाटेने जातो. इथली मुलगी वाईट वागलेली नाही, ती फक्त कंटाळलेली आहे, कारण आईवडील घरात असूनही आपापल्या कामात बुडालेले आहेत. भिंतीतल्या एका दारापलीकडे तिला दुसरे घर सापडते. तिथली आई चविष्ट जेवण करून वाढते आणि सारे लक्ष तिच्याकडेच देते, मात्र तिच्या डोळ्यांच्या जागी काळी बटणे आहेत. कायमचे इथे राहायचे असेल तर तुझ्याही डोळ्यांवर बटणे शिवावी लागतील, एवढीच तिची अट असते.

या दोन कथांमधला फरक फार महत्त्वाचा आहे. पहिल्या कथेत आई जाणे ही मुलींना मिळालेली शिक्षा आहे. दुसऱ्या कथेत खोटी आई हा मोह आहे, आणि मुलीला तो ओळखावा लागतो. जी माया तुझे डोळे मागते ती माया नव्हे, एवढे कळण्यासाठी कोरलाईनला कोणाच्या उपदेशाची गरज पडत नाही. अनोळखी माणसाने लाडीगोडी लावली तर काय करावे, याचे धडे आज शाळाशाळांतून दिले जातात. तीच गोष्ट ही कादंबरी मुलाच्या पोटात उतरवते, आणि म्हणून मला ती बहुतेक सूचनापत्रकांपेक्षा जास्त मोलाची वाटते.

नागपूरकरांना खरे तर या विषयाचे नवल वाटायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, लहान मुले लाकडी बैल सजवून दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला निघतात, आणि त्याच दिवशी जुन्या शहरातून काळ्या व पिवळ्या मारबतीची, म्हणजे इडापीडेचे रूप मानलेल्या भल्यामोठ्या स्त्रीपुतळ्यांची, मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असे सांगतात. काळ्या मारबतीचा संबंध कोणी भोसले घराण्यातल्या, इंग्रजांना सामील झाल्याचे मानल्या जाणाऱ्या बाकाबाईशी जोडतात, तर कोणी पूतनेशी. पूतना म्हणजे सुंदर स्त्रीचे रूप घेऊन गोकुळात आलेली, बाळाला मांडीवर घेणारी आणि स्तनाला विष लावून ते त्याला पाजणारी राक्षसी. खोट्या आईची याहून भेदक कथा जगाच्या वाङ्मयात शोधूनही सापडणे कठीण आहे, आणि आपण ती दुधाचे दात न पडलेल्या पोरांना निःशंकपणे सांगत आलो आहोत. भागवतात तर पुढे असेही आहे की कपटाने का होईना, तिने कृष्णाला स्तन दिला म्हणून तिला आईची गती मिळाली. वडिलांच्या खांद्यावर बसून ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी ऐकणारे मूल त्या अवाढव्य पुतळ्याला आधी घाबरते आणि थोड्याच वेळात स्वतःही ओरडू लागते. भीतीला देह द्यायचा, तिला भर रस्त्यातून मिरवायचे आणि शेवटी गावाबाहेर जाळायचे, हा क्रम चांगल्या भयकथेच्या रचनेशी तंतोतंत जुळतो.

जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंनी मात्र या विषयापुढे माघार घेतली. त्यांच्या कथासंग्रहाच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी ही तिची सख्खी आई होती, १८१९ च्या आवृत्तीत त्यांनी तिला सावत्र केले. सख्खी आई वाईट असू शकते हे वाचकांना सोसवणार नाही, असा त्यामागचा विचार असावा. या एका बदलाने पुढच्या कितीतरी पिढ्यांतल्या सावत्र आयांवर मात्र विनाकारण शिक्का बसला.

दुसरा विषय निर्जीव वस्तूंचा. एर्न्स्ट येन्च या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने १९०६ साली असे मांडले की समोरची वस्तू सजीव आहे की निर्जीव, याचा निर्णय होत नाही तेव्हा माणसाला एक खास प्रकारची अस्वस्थता वाटते. मेणाचे पुतळे, यांत्रिक बाहुल्या ही त्याची उदाहरणे होती. १९१९ साली फ्रॉइडने तो धागा पुढे नेला आणि म्हटले की ही अस्वस्थता अनोळखी गोष्टीतून येत नाही, एकेकाळी ओळखीची असून मनात दडपलेली गोष्ट परत वर आली की ती येते. नागपुरातल्या मुलांना याचा अनुभव घ्यायला परदेशी पुस्तकाची गरज नाही. १८६३ साली स्थापन झालेल्या आपल्या मध्यवर्ती संग्रहालयाला, म्हणजे अजबबंगल्याला, पहिल्यांदा भेट देणारे मूल पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या दालनात कसे वागते ते पाहावे. ते वाघाच्या दातांकडे फार वेळ पाहत नाही, त्याच्या काचेच्या डोळ्यांकडे पाहते. एक पाऊल डावीकडे सरकते, मग उजवीकडे, आणि डोळे आपल्याबरोबर फिरतात का याची खात्री करून घेते. मग आईचा हात घट्ट धरते, आणि तरीही दालनातून निघायला तयार नसते. बोलक्या बाहुल्यांच्या भयकथा याच पावलावर उभ्या असतात. अमेरिकन लेखक आर. एल. स्टाइन यांच्या १९९२ पासून निघालेल्या ‘गूजबम्प्स’ या मालिकेतला स्लॅपी हा शब्दभ्रमकाराचा बाहुला एवढा गाजला की मालिकेची ओळखच त्याच्या चेहऱ्याने होऊ लागली.

जागेची भीती हा तिसरा विषय, आणि यात आपल्याकडचा ऐवज फार श्रीमंत आहे. विदर्भात ज्याचे बालपण खेड्यात गेले त्याने चकव्याची गोष्ट ऐकलेली असतेच. रात्री शेतावरून निघालेला माणूस ओळखीच्या वाटेने तासन्‌तास चालतो आणि पुन्हा त्याच बाभळीपाशी येऊन उभा राहतो. चकवा दिसत नाही, बोलत नाही, कोणाला मारत नाही, तो फक्त वाट फिरवतो. यावरचा उतारा म्हणून जाणती माणसे सांगतात की चालणे थांबवावे, एका जागी बसून राहावे आणि उजाडू द्यावे. यामागे निरीक्षणही पक्के आहे. २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी लोकांना घनदाट जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितले, तेव्हा सूर्य किंवा चंद्र दिसत असेपर्यंत ती माणसे सरळ चालली, आणि तो दिसेनासा होताच गोल फिरू लागली, तेही आपण सरळच चाललो आहोत अशा समजुतीत. मुलांसाठी चकव्याची गोष्ट विशेष जवळची असते, कारण बाजारात हात सुटला आणि सगळ्या गल्ल्या एकसारख्या दिसू लागल्या, हा प्रसंग प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी आलेला असतो. तरीही चकवा हाच ज्याचा कणा आहे असे मुलांचे मराठी पुस्तक मला सहज हाती लागत नाही, याची खंत वाटते.

मुंजाचेही तसेच. मुंज झाली, पण सोडमुंज व्हायच्या आत जो मुलगा वारला, तो मुंजा होऊन पिंपळावर राहतो, अशी समजूत आहे. मोठ्यांच्या भयकथेत तो त्रास देणारा एक भूतप्रकार असतो. मुलाच्या नजरेने पाहिले तर तो आपल्याच वयाचा, खेळ अर्धा टाकून जावे लागलेला मुलगा असतो, आणि मग त्याची भीती कमी होऊन त्याच्याविषयी कणव दाटून येते. भूत स्वतःच एकटे आणि घाबरलेले आहे, हा मुलांच्या भयकथेतला एक सुंदर पण कमी हाताळला गेलेला विषय आहे.

मोठी माणसे विश्वास ठेवत नाहीत, हा तर या कथाप्रकाराचा जवळजवळ नियमच आहे. कथानकाची सोय म्हणून तो लागतोच, कारण वडिलांनी पहिल्याच पानावर पोलिसांना फोन केला तर गोष्ट तिथेच संपते. पण मुलांना तो पटतो, कारण तो त्यांच्या रोजच्या अनुभवातला असतो. पोट दुखते म्हटले की शाळा बुडवायची आहे असे त्यांना ऐकवले जाते, काका आवडत नाहीत म्हटले की ‘असं म्हणू नये’ असे सांगितले जाते. आमच्या वस्तीतल्या वाचनालयात मी मुलांना गोष्टी वाचून दाखवते, तिथे एका मुलीने गोष्ट अर्ध्यात असताना मला विचारले होते, “तिच्या बाबांना शेवटी तरी कळतं का, की ती खरं बोलत होती?” राक्षसाचे काय होते, हे तिने विचारलेच नव्हते.

विश्वासाच्या उलटापालटीची फार जुनी आणि सर्वांत कसदार कथा मात्र आपल्या घरातच आहे. ‘चांदोबा’ मासिकातला खांद्यावर प्रेत घेऊन चाललेला विक्रम आणि त्याला गोष्टी सांगणारा वेताळ, हे चित्र दोन-तीन पिढ्यांच्या मनावर कोरले गेले. स्मशान, झाडाला लटकलेले प्रेत, त्यात शिरलेला वेताळ, आणि उत्तर ठाऊक असूनही गप्प राहिलास तर डोक्याची शकले होतील ही धमकी, एवढे सगळे असूनही त्याला कोणी मुलांसाठी अयोग्य म्हटले नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने लिहिलेल्या कथासरित्सागरात ही वेताळपंचविशी येते, आणि तिचा शेवट मासिक वाचणाऱ्या अनेकांना ठाऊक नसतो, कारण मासिकातल्या गोष्टी संपतच नव्हत्या. अखेरच्या, चोविसाव्या गोष्टीवरच्या प्रश्नाला राजाला उत्तर सापडत नाही आणि तो गप्प राहतो. तेव्हा वेताळ प्रसन्न होऊन सांगतो की ज्या साधूसाठी तू हे प्रेत वाहून नेतो आहेस, तो तुझाच बळी देणार आहे, आणि त्यातून सुटण्याची युक्तीही तोच सुचवतो. म्हणजे प्रेतातला वेताळ खरा निघतो आणि भगव्या वस्त्रातला साधू खोटा. माणसाची पारख त्याच्या रूपावरून करू नये, हे हजार वर्षांपूर्वीच्या या गोष्टीने एका वाक्याचाही उपदेश न करता सांगितले आहे.

भीतीची गोष्ट सांगणे आणि भीती दाखवणे, यांत मात्र गल्लत होता कामा नये. फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइनरिख होफमान यांनी आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी रचलेले ‘श्ट्रुवेलपेटर’ हे सचित्र पुस्तक १८४५ साली छापले गेले. त्यात अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे एक शिंपी भल्यामोठ्या कात्रीने कापतो आणि काड्यापेटीशी खेळणारी मुलगी जळून राख होते. जेवला नाहीस तर बागुलबुवा येईल, असे आपण म्हणतो तेव्हा आपणही तेच करत असतो. अशा भीतीची सूत्रे मोठ्यांच्या हाती असतात आणि मुलाला आज्ञा पाळण्याखेरीज दुसरे काही करता येत नाही. भयकथेत सूत्रे मुलाच्या हाती येतात. पात्रातले मूल विचार करते, चुकते, पुन्हा प्रयत्न करते, आणि वाचणारे मूल नको वाटले तर पुस्तक मिटू शकते. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातली चिंची चेटकीण मुलांना इतकी प्रिय झाली, त्याचे एक कारण हेच की प्रेक्षागृहातली मुले तिला ओरडून उत्तरे देऊ शकतात.

शेवट गोड असलाच पाहिजे, हाही मोठ्यांचाच आग्रह असतो. रोआल्ड डाल यांच्या १९८३ सालच्या ‘द विचेस’ या कादंबरीत चेटकिणी नायकाला उंदीर करतात, आणि तो शेवटपर्यंत उंदीरच राहतो. आपण आणखी आठ-नऊ वर्षेच जगणार हे त्याला कळते, तेव्हा त्याला आनंद होतो, कारण त्याची म्हातारी आजीही साधारण तेवढीच जगणार असते आणि तिच्या माघारी एकटे राहायची वेळ त्याच्यावर येणार नसते. १९९० साली आलेल्या चित्रपटात त्याला पुन्हा मुलगा केले गेले. माझ्या मते पुस्तकातला शेवट अधिक प्रामाणिक आहे आणि मुलांना तो झेपतोही. आईवडील नसलेल्या त्या मुलाची खरी भीती उंदीर होण्याची नव्हतीच, आजी गेल्यावर आपले कोण, ही होती, आणि पुस्तक नेमके तिलाच उत्तर देते.

मोठ्यांचा आक्षेप पुष्कळदा शब्दांपेक्षा चित्रांवर जास्त असतो. अमेरिकेत ॲल्विन श्वार्ट्झ यांनी लोककथांवरून रचलेल्या भयकथांचा संग्रह १९८१ साली निघाला, आणि १९९० च्या दशकात तिथल्या ग्रंथालयांतून ज्या पुस्तकांना सर्वाधिक विरोध झाला त्यांत ही मालिका पहिल्या क्रमांकावर होती. कथा तशा आटोपशीर होत्या, स्टीफन गॅमेल यांची ओघळल्यासारखी, धुरकट चित्रे मात्र विसरता येण्यासारखी नव्हती. आपल्या मुलासाठी पुस्तक निवडताना ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. शब्दांवरून मूल स्वतःला पेलेल एवढेच भयानक चित्र मनात उभे करते, छापील चित्र किंवा पडद्यावरचे दृश्य अशी मुभा देत नाही. म्हणून एखाद्या कादंबरीवर निघालेला चित्रपट त्याच वयाच्या मुलाला दाखवावा की नाही, याचा निर्णय स्वतंत्रपणे घ्यावा.

निवड करताना किती भुते आहेत हे मोजत बसू नये. कथेतल्या मुलाला स्वतःहून काही करता येते का, संकटाला काही नियम आहे का, आणि निदान एक तरी जीव, मग तो मित्र असो, आजी असो की मांजर, अखेरपर्यंत त्याच्या बाजूने उभा राहतो का, एवढे पाहावे. हे तिन्ही नसलेले पुस्तक वरून कितीही सौम्य दिसले तरी मुलाला एकटे पाडते. सहा वर्षांखालच्या मुलाला खोट्या आईची कथा वाचून दाखवू नये, कारण त्या वयात खरे आणि कल्पित यांतली सीमारेषा पक्की झालेली नसते, आणि ते रात्री खरोखरच तुमचे डोळे तपासू लागते. ज्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे किंवा आईवडील वेगळे झाले आहेत, तिथे ही कथा मुलाने स्वतः मागितली तरच द्यावी आणि त्याच्याबरोबर बसून वाचावी. मूल मध्येच थांब म्हणाले तर त्याला भित्रा म्हणू नये, पण गोष्ट तशीच अर्धवटही सोडू नये. पुढे काय होते ते दोन वाक्यांत सांगून टाकावे आणि पुस्तक त्याच्या हाताला येईल अशा जागी ठेवावे, कारण बरीच मुले काही दिवसांनी ते स्वतःच उघडतात आणि सोडलेल्या पानापासून पुढे वाचू लागतात.